हेलिकॉप्टरच्या मागच्या भागात कोण असते? लष्करी फ्लाइट मेडिकचे काम आणि प्रशिक्षण

नीलमोहर (धागाकर्ती)

नमस्कार.

मी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. याच शहरात फोर्ट सॅम ह्यूस्टन हा अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय प्रशिक्षणाचा मोठा तळ असून, तेथे शिकणारे सैनिक प्रत्यक्ष रुग्ण हाताळण्यासाठी शहरातील रुग्णालयांमध्ये येत असतात. काही वर्षांपूर्वी रात्रपाळीला असाच एक विद्यार्थी माझ्यासोबत होता. सलाईनसाठी शीर शोधायची वेळ आली की तो रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या खळीत बोट टेकवायचा आणि काही क्षण डोळे मिटून घ्यायचा. शीर बोटाला लागली की मगच डोळे उघडून सुई हातात घ्यायचा. जागरणाने थकला असेल असे समजून मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "तिथे मला दिवा लावता येणार नाही, म्हणून इथेच सवय करून घेतोय." तो फ्लाइट मेडिक, म्हणजे हेलिकॉप्टरमधून नेताना जखमींवर उपचार करणारा सैनिक, होण्यासाठी शिकत होता. त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे.

लष्करी हेलिकॉप्टर म्हटले की आपल्याला वैमानिक आठवतो, आणि त्याचे शौर्य मोठे आहेच. पण जखमी सैनिकाला आत घेतल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत जो माणूस गुडघ्यांवर बसून त्याचा श्वास चालू ठेवतो, त्याच्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

हेलिकॉप्टरने जखमींना आणण्याची सुरुवात आपल्याकडूनच झाली, हे अनेकांना ठाऊक नसते. एप्रिल १९४४ मध्ये लेफ्टनंट कार्टर हार्मन या अमेरिकी वैमानिकाने आसाममधील लालाघाटच्या तळावरून सिकॉर्स्की वायआर-४ हे लहानसे हेलिकॉप्टर ब्रह्मदेशात नेले आणि जपानी फौजांच्या पिछाडीला अडकलेला एक वैमानिक व तीन ब्रिटिश सैनिक यांना एकेक करून बाहेर काढले. त्या यंत्रात वैमानिकाखेरीज एकाच माणसापुरती जागा होती. कोरियाच्या युद्धात बेल एच-१३ हेलिकॉप्टरांनी हजारो जखमी आणले, परंतु त्यांचे स्ट्रेचर यंत्राच्या बाहेर, दोन्ही अंगांना बांधलेले असत. जखमीला झाकून घेत, पण वाटेत रक्तस्राव पुन्हा सुरू झाला तर त्याच्यापर्यंत कोणाचाही हात पोहोचत नसे.

ही अडचण व्हिएतनाममध्ये दूर झाली. एप्रिल १९६२ मध्ये ५७वी मेडिकल डिटॅचमेंट ह्यूई हेलिकॉप्टरे घेऊन तेथे गेली आणि पुढे 'डस्टऑफ' हे तिचे रेडिओवरील नाव साऱ्या सेवेलाच चिकटले. ह्यूईच्या पोटात स्ट्रेचर मावत होती, म्हणजे त्यांच्याशेजारी माणूसही मावत होता. दोन वैमानिक, यंत्राची देखभाल करणारा एक क्रू चीफ आणि एक मेडिक अशी चौघांची जोडणी तेव्हा बसली, ती आजच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवरही बहुतांशी तशीच आहे. त्याच तुकडीचे प्रमुख मेजर चार्ल्स केली १ जुलै १९६४ रोजी गोळीबारात उतरलेले असताना त्यांना परत फिरण्यास सांगण्यात आले. "तुमचे जखमी माझ्या ताब्यात आले की निघतो," हे त्यांचे उत्तर होते आणि त्यानंतर काही क्षणांतच ते मारले गेले. डस्टऑफची माणसे आजही हे वाक्य आपले ब्रीद मानतात.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. यंत्र सुधारत गेले, वेग वाढला, परंतु मागे बसणाऱ्या मेडिकचे शिक्षण कित्येक दशके जवळपास तेथेच राहिले. अफगाणिस्तानातील युद्धाची पहिली दहा वर्षे अमेरिकी लष्कराच्या फ्लाइट मेडिककडून जे किमान शिक्षण अपेक्षित होते, ते शहरातील साध्या रुग्णवाहिकेवरच्या प्राथमिक तंत्रज्ञाइतकेच होते. त्याच काळात नॅशनल गार्ड या अर्धवेळ सैनिकांच्या अमेरिकी दलाची एक तुकडी तेथे गेली. तिचे मेडिक घरी असताना नागरी सेवेत पॅरामेडिक (रुग्णवाहिकेवर प्रगत उपचार करणारे) म्हणून नोकरी करणारे, अतिदक्षतेचे प्रशिक्षण घेतलेले होते. लष्करी डॉक्टर रॉबर्ट मॅब्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६७१ गंभीर जखमींच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नेहमीच्या पद्धतीत ४८ तासांच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण १५ टक्के होते, तर या पॅरामेडिकांच्या हाती आलेल्या जखमींमध्ये ते ८ टक्के होते. हेलिकॉप्टर दोन्हीकडे ब्लॅक हॉकच होते.

यानंतर लष्कराने नियम बदलला. आज प्रथम १६ आठवड्यांचा युद्धभूमीवरील मेडिकचा अभ्यासक्रम, त्यानंतर राष्ट्रीय परीक्षेसह पूर्ण पॅरामेडिकचे शिक्षण, मग अतिदक्षता परिचर्या आणि त्याखेरीज अलाबामातील फोर्ट रकर येथे हवाई वैद्यकाचे प्रशिक्षण, असा हा लांबचा रस्ता आहे. (फोर्ट रकरला २०२३ मध्ये डस्टऑफचे वैमानिक मायकेल नोव्होसेल यांचे नाव देण्यात आले होते आणि २०२५ मध्ये जुने नाव परत आले. व्हिएतनाममध्ये नोव्होसेल यांनी आपल्याच वैमानिक मुलाची सुटका केली आणि आठवडाभरात त्या मुलाने वडिलांची केली, म्हणून हे नाव तेथे राहायला हवे होते असे मला मनापासून वाटते.)

अतिदक्षतेचे शिक्षण कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. फ्लाइट मेडिक केवळ रणांगणावरून जखमी उचलत नाही. आघाडीजवळच्या छोट्या शल्यपथकाने पोट उघडून रक्तस्राव थांबवलेला, घशात नळी असलेला, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण मोठ्या रुग्णालयात नेणे हेही त्याचेच काम असते. रुग्णालयात अशा रुग्णाजवळ आम्ही दोघी-तिघी असतो आणि हाक मारली की डॉक्टर येतात.

सह्यवारा

अतिशय माहितीपूर्ण धागा. एक शंका आहे. इतके अवघड काम असेल तर हेलिकॉप्टरमध्ये सरळ डॉक्टरच का पाठवत नाहीत?

नीलमोहर

सह्यवारा, ब्रिटिशांनी तेच केले. अफगाणिस्तानातील कॅम्प बॅस्टियन येथून त्यांचे 'मर्ट' हे पथक मोठ्या चिनूक हेलिकॉप्टरमधून जात असे आणि त्यात डॉक्टर, परिचारिका व दोन पॅरामेडिक असत. सोबत रक्त असे आणि उतरल्यावर भोवती पहारा देणारे सैनिकही असत. ज्यांचे हातपाय स्फोटात तुटले आहेत अशांसाठी ही व्यवस्था फार मोलाची ठरली. परंतु चिनूक थोडी असतात, ती मोठे लक्ष्य ठरतात आणि ती उतरायला मोकळी जागा लागते. अनुभवी भूलतज्ज्ञ व आपत्कालीन वैद्यकाचे डॉक्टर तर त्याहून थोडे असतात. दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या शेकडो ठाण्यांना पुरे पडायचे असेल तर लहान हेलिकॉप्टरे अनेक ठिकाणी उभी ठेवावी लागतात आणि प्रत्येकात पुरेसा शिकलेला मेडिक असावा लागतो. माझ्या मते खरा धडा हाच आहे की डॉक्टरांच्या हातातील जी कौशल्ये मेडिकला शिकवता येतात, ती सगळी त्याला शिकवावीत.

त्यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे तपासण्याच्या नेहमीच्या खुणा हरवलेल्या असताना निर्णय घेणे. ब्लॅक हॉकच्या आवाजात स्टेथोस्कोप निरुपयोगी असतो. छातीत हवा साठली आहे का हे ऐकून कळत नाही, म्हणून छातीच्या दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते हाताने पाहायचे, गळ्याच्या शिरा पाहायच्या, श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरील रेघेकडे लक्ष ठेवायचे. रात्री शत्रूला दिसू नये म्हणून आत पांढरा प्रकाश नसतो, आणि मंद निळ्या-हिरव्या उजेडात रक्त काळे दिसते. म्हणून मेडिक जखमीच्या पाठीखालून, काखेतून, जांघेतून हात फिरवतो आणि हातमोजा ओला लागतो का ते पाहतो.

खडकवासला

आकडे वाचून मला थोडी सावधगिरी सुचवावीशी वाटते. मॅब्री यांचा अभ्यास जुन्या नोंदींवरचा आहे. रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. शिवाय याच सुमारास दुसरा मोठा बदल घडत होता. जून २००९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी गंभीर जखमीला ६० मिनिटांच्या आत उपचारापर्यंत पोहोचवलेच पाहिजे असा आदेश दिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या आदेशापूर्वी वाहतुकीचा मध्यक वेळ ९० मिनिटे होता, तो ४३ मिनिटांवर आला आणि जखमींपैकी मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण १३.७ टक्क्यांवरून ७.६ टक्क्यांवर उतरले. म्हणजे वेगाने झालेला फायदाही तितकाच डोळ्यांत भरणारा आहे. त्यामुळे "हेलिकॉप्टर तेच, मेडिक वेगळा" एवढ्यावरून सगळे श्रेय शिक्षणाला देणे मला घाईचे वाटते.

नीलमोहर

खडकवासला, आक्षेप रास्त आहे आणि तो नोंदवल्याबद्दल आभार. 'हेलिकॉप्टर दोन्हीकडे ब्लॅक हॉकच होते' हे वाक्य मी जरा जोरात लिहिले. त्या नॅशनल गार्डच्या तुकडीची इतर कार्यपद्धतीही वेगळी होती, केवळ मेडिकचे प्रमाणपत्र नव्हे. जखमेची तीव्रता इत्यादी गोष्टींचा हिशेब करूनही मॅब्री यांना मृत्यूचा धोका ६६ टक्क्यांनी कमी आढळला, हे मात्र खरे.

पण वेग आणि शिक्षण यांची तुलना करताना आपण त्यांना वेगळे समजतो, तेथे माझे मत निराळे आहे. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत रक्त वाहून जातो, आणि तेथे ४३ मिनिटेही फार झाली. ते रक्त जमिनीवरच्या सोबत्याने किंवा पलटणीच्या मेडिकने टूर्निकेट, म्हणजे रक्त अडवणारा पट्टा, आवळून थांबवलेले असते. फ्लाइट मेडिक आत घेताच पहिल्यांदा तो टूर्निकेट सैल झाला नाही ना हे तपासतो, कारण उचलून धावताना तो हमखास सरकतो. त्यानंतर क्रम ठरलेला आहे : श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि शरीराची ऊब. ही शेवटची गोष्ट नवख्यांना किरकोळ वाटते. रक्त गेलेल्या माणसाचे शरीर गार पडले की रक्त गोठेनासे होते, रक्तातील आम्लता वाढते आणि या तिन्ही गोष्टी एकमेकींना खाली ओढतात. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही उघड्या दाराच्या हेलिकॉप्टरमध्ये जखमी थंडीने कुडकुडतो. २०१२पासून जखमींना नेणाऱ्या अमेरिकी (मेडेव्हॅक) हेलिकॉप्टरांवर रक्त नेऊ लागले. ते वाटेतच देता येते, पण शीतपेटीतले रक्त गरम केल्याशिवाय देणे म्हणजे जखमीला आतून गार करणे. हे ज्याला कळते त्याच्याच हाती ती पिशवी द्यायला हवी, आणि वेगाचा खरा उपयोगही तेव्हाच होतो.

दाबमापक

मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून एका बाबीची भर घालतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि बंदिस्त वायू फुगतो. ८,००० फुटांवर त्याचे आकारमान समुद्रसपाटीच्या सुमारे १.३५ पट होते, तर १८,००० फुटांवर जवळपास दुप्पट. जखमीच्या छातीत फुप्फुसाबाहेर थोडी हवा अडकली असेल आणि जमिनीवर तिचा त्रास जाणवत नसेल, तरी डोंगर ओलांडताना तीच हवा फुप्फुस दाबू लागते. घशातील नळीभोवतीचा छोटा फुगाही असाच फुगून श्वासनलिकेच्या अस्तरावर दाब देतो, म्हणून त्याचा दाब उड्डाणात पुनःपुन्हा तपासावा लागतो. शिवाय दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंश सेल्सियसने उतरते. पाठ्यपुस्तकातील बॉइलचा नियम मुलांना शिकवताना मी आता हेच उदाहरण देणार आहे.

जुना_नुब्रा

सर्वांना नमस्कार. मी आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. लखनौच्या केंद्रात शिकलो आणि नोकरीचा काही काळ सियाचिनच्या बाजूला काढला. येथे जे लिहिले आहे ते वाचताना आनंद झाला आणि थोडे वाईटही वाटले, कारण आमच्याकडे त्या उंचीवर फ्लाइट मेडिकला जागाच नसते.

एप्रिल १९८४ मध्ये ऑपरेशन मेघदूत सुरू झाल्यापासून वरच्या चौक्यांवरून आजारी जवानांना खाली आणण्याचे काम प्रामुख्याने चीता हेलिकॉप्टरने केले आहे. सुमारे २० हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की वैमानिक किलोकिलोचा हिशेब करून इंधन भरतात. त्या वजनात वैमानिक आणि रुग्ण मावतात, आणखी माणूस मावत नाही. वर हेलिपॅड म्हणजे बर्फावर सपाट केलेला तुकडा. इंजिन बंद करायचे नाही, कारण त्या हवेत ते पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसते. पाती फिरत असताना, काही क्षणांत, वाकून रुग्ण आत सरकवायचा आणि दार लावायचे.

आमचे बहुतेक रुग्ण गोळीचे नसत. सर्वांत भीती हापोची, म्हणजे उंचीमुळे फुप्फुसांत पाणी भरण्याची. धडधाकट जवान संध्याकाळी खोकू लागतो, रात्री त्याला आडवे होता येत नाही, पहाटे थुंकीला गुलाबी फेस येतो. त्यावर खरा उपाय एकच, त्याला खाली नेणे. परंतु रात्री किंवा वादळात हेलिकॉप्टर येत नाही. तोवर ऑक्सिजन द्यायचा, औषधे द्यायची आणि हापो बॅगमध्ये ठेवायचे. ही माणूस आडवा मावेल अशी हवाबंद पिशवी असते. पंपाने तिच्यात हवा भरत राहिले की आतल्या रुग्णाला काही हजार फूट खाली उतरल्यासारखे होते. पंप थांबवता येत नाही, म्हणून चौकीतले जवान आळीपाळीने पंप मारत बसतात. मी स्वतः एका रात्री असे बसलेलो आहे आणि पिशवीच्या लहानशा खिडकीतून त्या मुलाचे ओठ काळेनिळे आहेत की लाल होत आहेत, एवढेच टॉर्च लावून पाहत होतो.

नीलमोहर ताई, तुमच्याकडे मेडिक हेलिकॉप्टरमध्ये बसतो. आमच्याकडे त्याचे काम हेलिकॉप्टर येण्यापूर्वीच संपवावे लागते. वाटेत कोणी हात लावणारे नाही असे धरून रुग्णाची तयारी करायची. खालच्या भागात ध्रुव हेलिकॉप्टर असेल तर स्ट्रेचरही मावते आणि सोबत वैद्यकीय माणूसही जातो, तेव्हा गोष्ट वेगळी.

गंगापूररोड

मी नाशिकचा. नाशिकरोडच्या गांधीनगर तळावर आर्मी एव्हिएशनच्या वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, त्यामुळे चेतक आणि चीता लहानपणापासून डोक्यावरून जाताना पाहिली आहेत. त्या एवढ्याशा यंत्राच्या मागच्या भागात आजारी जवान एकटा आडवा असतो, हा विचार कधी मनात आला नव्हता. जुना_नुब्रा काका, तुमचे मनःपूर्वक आभार.

सह्यवारा

आणखी दोन शंका. हेलिकॉप्टर बोलावले कसे जाते, आणि रेडक्रॉसचे चिन्ह असलेल्या या हेलिकॉप्टरमधील मेडिकजवळ शस्त्र असते का?

खडकवासला

बोलावण्यासाठी अमेरिका व नाटोच्या सैन्यांत नऊ ओळींचा संदेश असतो. ठिकाण कोठे, रेडिओची कंप्रता व नाव काय, किती जखमी आणि प्रत्येकाची निकड किती, उचलयंत्र किंवा व्हेंटिलेटर लागेल का, स्ट्रेचरवरचे किती व चालते किती, जवळ शत्रू आहे का, जागा धुराने दाखवणार की दिव्याने, जखमी कोणत्या देशाचे, आणि शेवटी जमीन कशी आहे. युद्धकाळात या शेवटच्या ओळीत रासायनिक वा किरणोत्सारी दूषितता सांगतात. पहिल्या पाच ओळी कळल्या की हेलिकॉप्टर उडू शकते आणि उरलेल्या वाटेत घेतल्या जातात. मेडिक जखमांचा तपशील ऐकत हाताशी काय लागेल ते तेव्हाच काढून ठेवतो.

शस्त्राबाबत सांगायचे तर १९४९च्या जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय कर्मचारी स्वतःच्या आणि रुग्णांच्या रक्षणापुरते हलके शस्त्र बाळगू शकतात. अमेरिकी लष्कराची रेडक्रॉसची हेलिकॉप्टरे मशीनगनशिवाय उडतात, म्हणूनच त्यांच्यासोबत बहुधा दुसरे सशस्त्र हेलिकॉप्टर असते. त्या सोबत्याची वाट पाहण्यात वेळ जातो, यावर अमेरिकेत पुष्कळ वाद झाला आहे. माझे मत विचाराल तर चिन्ह काढून बंदुका लावण्याने करारातील मूळ संरक्षणच सोडून दिल्यासारखे होते आणि पुढच्या युद्धात त्याची किंमत दोन्ही बाजूंच्या जखमींना मोजावी लागेल.

नीलमोहर

उचलयंत्राचा उल्लेख आला म्हणून थोडे लिहिते. जेथे उतरायला जागा नाही तेथे मेडिक तारेवरून स्वतः खाली जातो. पात्यांच्या फिरण्याने हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, त्यामुळे खाली थांबलेल्यांनी तारेचा आकडा आधी जमिनीला टेकू द्यायचा असतो. घाईने हात लावला तर जोराचा झटका बसतो. वर हेलिकॉप्टर तरंगत असते, मेडिक एकटा जमिनीवर असतो आणि आता येथे उपचार करायचे की आधी वर न्यायचे, हा निर्णय त्याला एकट्याने घ्यायचा असतो. बहुधा तो फक्त रक्त थांबवतो, श्वासमार्ग मोकळा करतो आणि बाकी सगळे वर गेल्यावर.

जुना_नुब्रा काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. वाटेत हात लावणारे कोणी नसताना रुग्णाची तयारी तुम्ही नेमकी कशी करत होता, हे सविस्तर सांगाल का? आमच्या विद्यार्थ्यांना ते ऐकवावेसे वाटते.

जुना_नुब्रा

ताई, जमेल तसे सांगतो. ऑक्सिजनचा सिलिंडर रुग्णाच्या दोन पायांमध्ये ठेवून पट्ट्याने बांधायचा, म्हणजे तो घरंगळत नाही. निघण्यापूर्वी काट्याकडे पाहून वाट संपेपर्यंत पुरेल असा प्रवाह ठेवायचा आणि मास्कची रबरी पट्टी टोपीच्या आतून घ्यायची, कारण वरून घेतली तर पात्यांच्या वाऱ्याने टोपीसकट मास्क निघतो. हापोच्या रुग्णाला आडवे केले की तो गुदमरतो, म्हणून पाठीमागे पिशव्या रचून त्याला अर्धवट बसता करायचे. सलाईन शक्यतो लावायचे नाही. नळीतले पाणी गोठते. हातमोजे, बूट नीट आहेत का ते दोनदा पाहायचे. फुप्फुसे वाचली आणि बोटे हिमदंशाने गेली, असेही झालेले मी पाहिले आहे.

शेवटी एक चिठ्ठी. कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, पिशवीत किती तास ठेवले, ऑक्सिजन कधी सुरू केला. ती त्याच्या कोटाच्या छातीवर सेफ्टीपिनने लावायची, म्हणजे खाली दार उघडणाऱ्या डॉक्टरांना पहिल्यांदा तीच दिसते. शाईचे पेन तेथे चालत नाही, म्हणून माझ्या खिशात कायम दोन पेन्सिली असत.